पह्यली फेरी

नाही नाही, तो फॉर्म राहू द्या इथंच, मी काय त्याले पळवून नेते काय — बसा, तिथं नका, तिथं ऑइल सांडेल हाय, ह्या बाजेवर बसा. माही पोट्टी आताच गेली झेरॉक्सले. आधार कार्डाची झेरॉक्स पाह्यजे म्हणलं न तुमी? तं मालेगावात झेरॉक्स म्हंजे स्टँडवर जा लागते, तिथं लाइन नसन तं आणखी पुढं — अर्धा तास कुठी गेला नाही. तवर च्या घ्या. घ्याच. बिनसाखरेचा? मंग पह्यलेच सांगा लागते न साहेब. तं मी काय म्हणत होती — तुमी सायकल वापस न्यायले अन् तिची सही घ्यायले आले, समजते मले. तिनंच फोन केला तुमाले, का माहं नाव काटा, सायकल घेऊन जा, दुसऱ्या पोरीले द्या. समजते. पण एकोणीस वर्साची पोट्टी फोनवर काही बोलली अन् तुमी सायकल क्लबवाले लागले पुण्याहून धावत यायले? सिलेक्शनची रेस कवा हाय — रविवारी. आज कोणता वार — बुधवार. चार दिवस हायेत अजून. चार दिवसात लोकायचे लग्न जुळून जातेत.

सायकल पाहा न, पाहून घ्या, पुसून ठेवली मी. हा एक खरचटा हाय, तो त्या दिवसचा, लपवत नाही मी. तुमचीच हाय म्हणा सायकल, तुमाले काय सांगाव — पण सांगते. तुमच्या क्लबवाल्यायनं टेम्पोतून उतरवली तवा सारी गल्ली जमा झाली होती. पुढं शॉक, मागं शॉक, गिट्टीवरून नेली तं रोडवर चालल्यावानी चालते — अन् गेर कुठीच दिसत नाही! मागच्या चाकाले एकच चकरी. लोकं पुसतेत, हिचे गेर कोणं काढून नेले बाप्पा? धम्माची आधीची सायकल होती न — धम्मदीपा म्हंजे, आमी धम्माच म्हणतो — तिच्या मागच्या चाकाले ते गेर बदलायचं मशीन लोंबे, तीन डाव तुटलं ते. किन्हीराजाच्या मागं टेकडी हाय, माह्या भावाचं गाव, तिथंच शिकली ती. साऱ्या टेकडीवर दगड. दगड लागला का मशीन वाकलं, चैन खाली, अन् पोट्टी सायकल खांद्यावर घेऊन घरी. अन् हिच्यात? बारा गेर, सारे मधात, दोन पायडलच्या मधात, पेटीत बंद, तेलात. मागच्या चाकावर वजनच नाही, तं मागचा शॉक मोकळा चालते, चाक दगडाले चिकटून राहते. हे मले कोणं सांगतलं? कोणीच नाही. चौदा वर्सं झाले मी डेपोत गेरबॉक्सच्या टेबलावर हावो. धम्माचे पप्पा कंडक्टर होते, ते गेले, मंग मले अनुकंपेवर घेतलं, सहायक म्हणून. लोकायले वाटलं बाई झाडू मारन, फाइली उचलन. मी म्हणलं, मले वर्कशॉप द्या. बसचा गेरबॉक्स मी डोळे झाकून जोडते साहेब, बढाई नाही मारत. अन् ही एवढीशी पेटी आली तं मले हसूच आलं — वाटलं का आपल्या बसचं पिलू आणून ठेवलं कोणं तरी घरात.

फरक एकच. बसले क्लच राहते, ड्रायव्हर पाय दाबते, गेर मोकळा होते, मंग टाकते. हिच्यात क्लच कुठी हाय? नाही. क्लच म्हंजे चालवणाऱ्याचा पाय. गेर टाकाच्या आधी पाय जरासा, अर्ध्या श्वासायेवढा ढिला सोडा लागते, अन् मंग टाका. जुन्या सायकलवर उलटं, तिथं पायडल मारता मारताच टाका लागे. तुमच्या क्लबातल्या लोकायनं म्हणलं होतं का हे शिकाले महिना जाईन. आठ दिवस! आठ दिवसात शिकली माही पोट्टी. मी अंगणात कान देऊन उभी राहो, तरी गेर कवा पडला ते समजे नाही, एवढा हलका पाय. अन् तिनं तुमाले फोनवर काय सांगतलं? का माहा पाय जड हाय, मी दाबातच गेर टाकते, म्हणून पडली. अन् तुमी लिहून घेतलं! तिचा पाय जड नाही साहेब. नाहीच. मले कसं माहीत — माहीत हाय मले, बस. प्या, च्या थंडा होऊन राह्यला.

हं, वाचा. पेटीचं काम कोणं केलं? लिहा — रत्नमाला, तिची आई. काय काम? ऑइल बदली. तेवढंच लिहा. ऑइल बदलाची परवानगी हाय न तुमच्या कागदावर? पेटी उघडाची नाही, उघडली तं सायकल वापस अन् नाव बाद — वाचलं मी, मले वाचता येते. तं ऑइल बदललं. अन् ट्रायल कोणं घेतली? मीच घेतली. हो, मी. काहून, बाईनं सायकलवर बसू नाही काय? बसली, ह्या गल्लीतून त्या विहारालोक गेली, वापस आली, मस्त चालली. लिहा. — खाली वाकून काय पाहून राह्यले तिथं? बोल्ट हायेत ते. त्याच्यावरचा निळा रंग कंपनीचाच हाय, उघडली का नाही ते समजाले लावतेत, तेच न? तोच हाय तो. चमकते? नवीन सायकल हाय तं चमकनच. नख नका लावू साहेब. नका लावू म्हणलं न —

निघाला न. नखपॉलिश हाय ते.

स्टँडजवळच्या बांगडीवाल्यापासून आणली. तीन दुकानं हिंडली मी त्या निळ्यासाठी, एकात जांभळा निघे, एकात आभाळी. शेवटच्या दुकानातली बाई म्हणे, ताई, तुमच्यावर निळा? म्हणलं, पोरीसाठी पाह्यजे. ते खोटं नोतं. आता बसा वर साहेब, वाकून नका राहू, सांगते. ऑइलच काढाचं होतं मले, खरं सांगते, ऑइलच. वाटीत घेतलं अन् दोन बोटात चोळलं — डेपोतली सवय हाय, डोळ्याच्या आधी बोटाले समजते. तं चमक. बारीक भुकटी, चांदीवानी. बसच्या गेरबॉक्सात अशी चमक दिसली का समजा गाडी घाटात बसणार. पोट्टी ह्या सायकलवर उतारावरून सुटते साहेब, उभीच्या उभी, दगडातून! तुमाले फोन करा लागत होता? हो. करा लागत होता. मंग तुमी म्हणले असते पेटी बाहेरदेशी पाठवा लागते, दोन महिने. अन् रेस सतरा दिवसावर. तं मी उघडली. गुरुवार होता, ती कॉलेजात, माही सुट्टी. परातीत पांढरं फडकं हातरलं, एकेक गेर काढला, जसा होता तसा मांडला, एकेका दातावरून बोट फिरवलं. अन् सांगू काय निघालं? काहीच नाही. एक चिरा नाही. नव्या गेरचा पह्यला घासा होता तो. नवीन गेर पह्यल्या ऑइलात भुकटी सोडतेच, हे मी बसमधी शंभर डाव पाह्यलं, नव्या हेल्परायले मीच शिकवते — अन् घरच्या पोरीची पेटी होती तं विसरली. काही बिघडेलच नोतं. चांगली पेटी उघडून बसली मी.

अन् उघडली तं उघडली, नीट लावा लागत होती न? डेपोत लहान भाग धुवाले जाळी राहते. घरी कुठून आणू? चहाची गाळणी घेतली — ही नाही, ही नवीन हाय, तुमी प्या — त्या गाळणीत घासलेट ओतून धुतले. एकेका गेरच्या पोटात एकेक कुत्ता राहते, साध्या सायकलच्या फ्रीव्हीलात राहतेत न, तसाच, गेर धरून ठेवणारा. अन् त्या कुत्त्याखाली एक स्प्रिंग, भाताच्या शितायेवढी. ती त्याले वर उचलून धरते. साडेचारले धम्मा येते. साडेतीन वाजून गेले होते. मी भराभरा जोडली. डेपोत मोजल्याबिगर झाकण नाही लावत मी, घरी लावलं. झाकणाखालचं कागदी गॅस्केट कापून लावलं, बोल्ट कसले, नखपॉलिश लावली, फुंकून फुंकून वाळवली, परात धुऊन मांडणीवर ठेवली. घासलेटाचा वास होता म्हणून गाळणी तेवढी बाजूले ठेवली. शनिवारी घासाले घेतली तं काठाच्या जाळीत काही तरी टोचलं बोटाले.

हे पाहा. थांबा, गाठ सुटत नाही — हे. तवापासून माह्या पदरात हाय. डेपोत जाताना रुमालात बांधते, घरी आली का पदरात. सहाव्या गेरची हाय. सहाव्याचा कुत्ता आता बिनस्प्रिंगचा. दहा डाव धरन, अकराव्या डाव सोडून देईन. सोडला का पायडल रिकामं, अन् पाय भस्सकन खाली.

शनिवारी सापडली. ती पडली मंगळवारी. मधातले तीन दिवस मी काय केलं, पुसा न. नाही पुसत? मीच सांगते. स्वयंपाक केला. डेपोत गेली, दोन गेरबॉक्स जोडले, मोजून जोडले. मनाले म्हणत राह्यली का चालून तं राह्यली सायकल, काही होत नाही, रेस झाली का गुपचूप उघडून बसवून देईन. आता पुन्हा उघडली अन् तिनं पाह्यलं तं? ती सरळ हाय साहेब, तिनं स्वतः तुमाले फोन करून सांगतलं असतं का आईनं पेटी उघडली. अन् नाव बाद. म्हणून मी — तुमी काही म्हणले काय? नाही न? मले वाटलं तुमी काही म्हणले.

उकंडराव मामा माहे उस्ताद, आता रिटायर झाले. वर्कशॉपात त्याईचा एक नेम होता, कोण्या कागदावर नाही, पण आमी सारे पाळतो. ज्यानं गेरबॉक्स जोडला त्यानं खडूनं त्याच्यावर आपलं नाव लिहाचं, अन् गाडी निघाली का पह्यल्या फेरीले तिच्यात बसाचं. पुढं, ड्रायव्हरच्या बाजूले. मामा म्हणे, तुह्या हातचं काम हाय तं पह्यला तूच बस, पॅशिंजर मंग बसतीन. चौदा वर्सात एक फेरी नाही चुकवली मी. ताप होता तरी बसली. धम्माच्या पप्पाच्या वर्षश्राद्धाच्या — नाही, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, घरी पाव्हणे बसेल होते, तरी आधी फेरी करून आली. अन् ह्या पेटीची पह्यली फेरी? तुमच्या फॉर्मवर लिहिलं न तुमी, रत्नमाला. काटा ते. मले सायकल येत नाही.

हासा, हासा. कोणाले माहीत नाही, पोट्टीलेही नाही. तिले सांगत आली का माहा गुडघा दुखते. आमच्या घरी एक सायकल होती, भावाची. मी मागं बसो, डबा मांडीवर धरून, वावरालोक. पायडलवर पाय कधी ठेवला नाही, कोणं ठेव म्हणलं नाही. एवढ्या साऱ्या गाड्या रोडवर लावल्या मी, अन् दोन चाकावर उभं राहता येत नाही मले. तं त्या दिवशी ती कॉलेजातून आली, मी दारात उभी राहून म्हणलं, धम्मा, ऑइल बदललं, जाय बरं, पाह्य कशी चालते. पह्यली फेरी मी तिले देली. पेटीवर नावही नाही लिहिलं खडूनं. कसं लिहू?

किन्हीराजाच्या उतारावर पडली. पाच टाके हनुवटीले. दवाखान्यात डॉक्टर टाके घालून राह्यला अन् ती त्यालेच समजावून सांगून राह्यली का माहीच चूक हाय, पाय ढिला नाही सोडला मी. मी बाजूले उभी, पदर मुठीत. तवापासून पाहा साहेब काय लावलं तिनं — भाकर थापता थापता एक पाय उचलते, सोडते. उचलते, सोडते. बस स्टँडवर उभी असली तरी तेच. उजव्या गुडघ्यावर पेनानं लिहून ठेवलं, हलका. आंघोळ केली का पुसते, पुन्हा लिहिते. सहा दिवस असं केलं अन् पुन्हा उतारावर गेली, अन् पुन्हा सहाव्यानं सोडलं. पडली नाही, वाचली. पण घरी आली, ओट्यावर बसली अन् म्हणे, आई, माहा पाय मजुराचा हाय, ही सायकल तशा पोरीयसाठी नाही. तशा पोरी! माही माय लोकाच्या वावरात निंदाले जाये, मी ऑइलात हात घातले, ते कायसाठी? ह्या पोरीच्या तोंडून हे ऐकासाठी? अन् ऐकलं मी. गाठ धरून उभी राह्यली अन् ऐकलं. मंग तिनं तुमाले फोन लावला. माह्यासमोर लावला साहेब. तिच्या हातातून फोन घेता आला असता मले. त्याच्या आधी, गेल्या रविवारी विहारात गेलो, साऱ्यायसंग हात जोडून चवथं शील म्हणलं, का खोटं बोलणार नाही. ती माह्या बाजूले, टाक्यावर पट्टी. तिनं म्हणलं, मीही म्हणलं. माहा आवाज तं चांगला निघाला.

तं आता असं करा. ऐका माहं. ती यायच्या आत हे फॉर्म खिशात घाला, म्हणा का वरून फोन आला, नाव काटता येत नाही आता. मी आज पेटी उघडते, तुमच्यासमोर उघडते, तुमी बसा, एक तास लागन. स्प्रिंग बसवते, मोजते, लावते. तुमाले तं कोणी पुसणार नाही. अन् तिले मी म्हणन, जाय धम्मा, एक डाव आणखी चालवून पाह्य. अन् चालन ती! सहावा धरन. दगडातून पाण्यावानी येईन पोट्टी, तुमी पाह्यजा. मंग मी म्हणन, पाह्य, सुधरला न तुहा पाय — सुधरला — म्हंजे मंग ती काय समजन? का बिघडेल होता. सिलेक्शन झालं तरी हेच समजन. म्हातारी होईन तरी समजन का माहा पाय जड होता अन् मी रगडून रगडून हलका केला. अन् पुन्हा कधी पडली का पह्यले पायालेच पाहीन. नाही. नाही साहेब, हे नाही जमत. फॉर्म नका ठेवू खिशात. ठेवा तिथंच. तुमी हो म्हणले असते तं मी करून बसली असती.

चप्पल वाजली. आली.

ये. झेरॉक्स ठेव तिथं टेबलावर — नाही, साहेबाले नको देऊ अजून. इकडं ये. हात पुढं कर. उजवा. हे ओळखतं काय? स्प्रिंग हाय, सहाव्या गेरची. माह्यापाशी होती, अकरा दिवस झाले. तू कॉलेजात होतीस त्या गुरुवारी पेटी उघडली मी, चहाच्या गाळणीत राह्यली ही. तुहा पाय जड नाही धम्मा. नोताच. दोन्ही डाव पायडल माह्यामुळं सुटलं. टाक्याले हात नको लावू, कच्चे हायेत अजून. शिव्या दे मले. अन् माहा गुडघा नाही दुखत, तेही खोटं होतं, मले सायकल येत नाही, कधीच येत नोती — काय म्हणली? मोठ्यानं म्हण. तू शिकवते मले सायकल? पुन्हा एक डाव म्हण.

साहेब, तुमी जा आता. हो, जा, च्या राहू द्या. फॉर्मवर जे पाह्यलं ते लिहा, मी खाली सही करते — ही केली. तिचं नाव काटाचं का ठेवाचं ते तिकडं तुमी ठरवा, तिच्या पायाचं काही लिहू नका फक्त. सायकल घेऊन जा. पण टेम्पोलोक हातानं न्या, कोणाले बसू देऊ नका तिच्यावर. जिनं जोडली ती अजून बसली नाही.